वात्सल्यसम्राटाची मुलाखत

कोल्हापूर,
८ नोव्हेंबर १९५४

चि. अंबादास,

थोरल्या बहिणीनं आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून ते लिहिले असं समज. खुशाली विचारत नाही. ती मासिकांतून कळते. गेल्या महिन्यात तुला पडसं झालं होतं, तेही छापून आलं होतं.

तुला पत्र लिहायचं नाही, हे मी लीलाच्या तेराव्याला ठरवलं होतं. बायकोच्या तेराव्याच्या पंगतीतून अर्धं पान टाकून जो माणूस ‘शूटिंग आहे’ म्हणत स्टेशन गाठतो, त्याला लिहिण्यासारखं काय उरतं? चार वर्षं निश्चय पाळला. आता मोडते आहे, कारण तुझ्या गावाला अचानक तुझा पुळका आला आहे.

परवा गणपतराव आले होते. शाहूपुरीतले गुळाचे अडते. तू पहिल्यांदा तोंडाला रंग फासलास तेव्हा ‘मास्तरांचं पोरगं नाच्या झालं’ असं पेठेपेठेतून सांगत हिंडणारे तेच. आता ते तुझ्या सत्कार समितीचे अध्यक्ष आहेत. आंधळ्या लेकीला आपले डोळे काढून देणारा बाप तू पडद्यावर केलास ना, तो चित्रपट इथं चालायचा थांबता थांबेना. बायका पदर पिळत बाहेर पडतात. तेव्हा समितीनं तुला ‘वात्सल्यसम्राट’ ही पदवी द्यायचं ठरवलं आहे. मानपत्र, फेटा, नारळ आणि पदवी. यातला नारळ तेवढा खरा असेल, तोही फोडल्यावर कळेल.

इथवर मला ओकारी आली नव्हती. मग ते म्हणाले, “बाई, ह्याच्यात एक गंमत केलीया. तुमच्या श्यामलेची शाळा ते हस्तलिखित काढती न्हवं का, पोरींनी हातानं लिवायचं आन् वाचनालयात ठेवायचं? त्याच्यासाठी तिनं सायबांची मुलाखत घ्यायची. स्टेजवर! लेक बापाला प्रश्न इचारती हाय म्हटल्यावर लोक हुंदकं देऊन रडतील की!”

म्हणजे मंडप, सतरंज्या आणि हुंदके, तिन्हींची व्यवस्था समितीकडं.

मी त्यांना वाटेला लावणार, एवढ्यात दाराआडून शामू बाहेर आली. “मी घेईन मुलाखत.”

“मुलाखत म्हणजे काय, ठाऊक आहे का?”

“विचारायचं असतं.”

“काय?”

“ते नाही ठाऊक. ते तू शिकव.”

तर मी शिकवते आहे. साप्ताहिकातल्या सदरातून मी गावच्या थोरामोठ्यांना नको ते विचारत आले, त्यापायी शाळेतली नोकरी घालवली. ती विद्या घरात तरी उपयोगी पडेल.

दिवाळीचा फ्रॉक पोचला. दरवर्षीसारखाच सुंदर, आणि दरवर्षीसारखाच शामूच्या काखेत अडकला. शेजारच्या धोंडुबाईच्या नातीला दिला. ती शामूपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिला अगदी मापात बसला.

कालिंदी

\*

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर १९५४

चि. अंबादास,

उत्तराची अपेक्षा नव्हती, ती तू पुरी केलीस.

आपल्याकडं पोराला प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे काय, हे मला या आठवड्यात कळलं. आधी सगळं पुसून काढावं लागतं. शाळेत तिला एकच विद्या मिळाली आहे: बाई विचारतात, मुलींनी उत्तर द्यायचं. घरात मोठ्यांना उलटून विचारलं की ‘फार तोंड सुटलंय’. देवळात गेलं की ‘गप बस, पाया पड’. नऊ वर्षांच्या पोरीकडं एकही प्रश्न शिल्लक नव्हता. होती ती नुसती हात जोडून उभी राहिलेली वाक्यं.

पहिल्या दिवशी तिला गंगावेशीत नेलं. तिथं गवळी संध्याकाळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, ते अजून तसंच आहे. लहानपणी तू तिथं तीन-तीन पेले प्यायचास आणि ओठावरच्या फेसाची मिशी पुसायचा नाहीस. असो. केरबा गवळ्याला म्हटलं, “ही तुझी मुलाखत घेणार आहे.”

“घे की,” म्हणाला. “धार काढत काढत जमल.”

शामूनं घसा खाकरला. “तुम्हाला म्हैस आवडते का?”

“व्हय.”

“रोज दूध काढता का?”

“व्हय.”

“कंटाळा येतो का?”

“न्हाय.”

“म्हशीला तुम्ही आवडता का?”

“ते तिलाच इचार की!”

भोवतालचे पेलेवाले हसले. शामूचे कान लाल. घरी येताना मी तिला सांगितलं, “तू प्रश्न विचारतच नव्हतीस. तू त्याच्या तोंडात घास भरवत होतीस आणि त्यानं फक्त मान हलवायची होती. ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येतं, तो प्रश्न नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. या वेळी तिनं विचारलं, “म्हैस रागावली की काय करते?” आणि विचारून गप्प उभी राहिली. गप्प राहणं मी मुद्दाम शिकवलं होतं. प्रश्न विचारला की तोंड मिटायचं. समोरचा अडखळला तरी आपण त्याचं वाक्य पुरं करायचं नाही. अरे, मोठमोठ्या संपादकांना जमत नाही ते. मध्येच स्वतःचंच भाषण सुरू करतात.

केरबा थोडा वेळ थानांकडंच बघत राहिला, आणि मग जे सुटला! म्हैस कशी दूध चोरते, कशी त्याच्या पोराच्या टोपीवर बसली. आणि शेवटी काय, तर एकदा ही म्हैस वाटेत आडवी उभी राहिली तेव्हा संस्थानचा हत्ती तिला बघून बाजूनं गेला! “खोटं सांगत न्हाय, पोरी. हत्तीनं मान खाली घातली हुती.”

घरी येऊन शामू लिहायला बसली ती पेन्सिल चावत. “आत्या, हत्ती काही तसा गेला नसणार. मग मी काय लिहू? ‘हत्ती गेला नाही’ असं लिहू?”

“तू तिथं होतीस का?”

“नाही.”

“मग तो बोलला ते लिही. त्याच्याच शब्दांत.”

“चूक असलं तरी?”

“चूक असलं तर जास्तच नीट लिही. वाचणारा बघून घेईल.”

तिनं लिहिलं. काना-मात्रासुद्धा न बदलता. मला तिचा थोडा हेवा वाटला. या धंद्यात मला कधी न सजवता लिहिता आलेलं नाही.

कालिंदी

\*

कोल्हापूर,
२७ नोव्हेंबर १९५४

चि. अंबादास,

समितीची प्रश्नपत्रिका आली. टंकलिखित. (गुळाच्या ढेपांवर मारायचा शिक्का वर मारला आहे. सवय!) वाच:

‘आपल्या देदीप्यमान यशाचे रहस्य काय?’
‘वात्सल्यरसाचा परिपोष आपण कसा साधता?’
‘आम्हां बालकांस आपला संदेश काय?’

खाली उत्तरंही आहेत. तुलाही प्रत गेली असेलच, पाठ करायला. पहिल्यात ‘करवीरनिवासिनीची कृपा’ दोनदा आली आहे, एक गाळ.

शामूला ‘देदीप्यमान’ म्हणता येईना. पण ती अडली वेगळीकडंच. मुख्याध्यापिका शालूबाईंना तिनं विचारलं, “बाई, उत्तरं इथं लिहिलीच आहेत, तर मग विचारायचं कशाला?”

शालूबाई म्हणाल्या, “अगं, तशी प्रथा असते. थोरांना अवघड वाटेल असं काही विचारायचं नसतं.”

“मग सोपं विचारू?”

“लिहिलंय ते विचार, बाळ.”

अंबादास, मला या साऱ्याची शिसारी आली आहे. पूर्वी दरबारात मुजरे घालायचे ते निदान कमरेतून वाकून घालायचे, दिसायचे तरी. आता मुजऱ्याला प्रश्नचिन्ह लावून त्याला मुलाखत म्हणतात. आणि तो घालायला पुढं कुणाला करायचं, तर आईवेगळ्या पोरीला, आणि ज्याची मुलाखत त्यानंच तिला आईवेगळी करून…

इथं थांबते. कारण नेमकं इथंच मी घसरले. त्या संध्याकाळी मी स्वतः तीन प्रश्न लिहून शामूच्या हातात दिले. ‘आई तापात तुमचं नाव घेत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?’ पुढचे दोन सांगत नाही. ते याहून धारदार होते, आणि खरं सांगायचं तर वाक्यं मला फार आवडली होती.

तिनं शांतपणे वाचली. कागद परत दिला.

“हे तुझे प्रश्न आहेत, आत्या.”

“म्हणजे?”

“याची उत्तरं तुला ठाऊक आहेत. ठाऊक असलेलं विचारायचं नाही असं तूच शिकवलंस.”

मी अर्ध्या गावाची तोंडं बंद केली आहेत. माझं अजून कुणी केलं नव्हतं. कागद चुलीत घातला.

तिचा एक प्रश्न आहे म्हणते. एकच. समितीचे तीन झाले की विचारणार. काय ते मला सांगत नाही. “सांगितलं की तू दुरुस्त करशील.” तेही खरं.

कालिंदी

\*

कोल्हापूर,
६ डिसेंबर १९५४

चि. अंबादास,

चार पत्रांना एक उत्तर, तेही चिटणिसाच्या हातचं, खाली तुझी सही. सहीत तुझ्या नावापेक्षा शेपटी मोठी झाली आहे.

(चार नव्हे, हे चौथं. पण रागात मोजणी वाढते.)

तर सत्काराच्या संध्याकाळीच तू शामूला मुंबईला नेणार. पुढच्या चित्रपटात मुलीचं काम आहे आणि ‘वास्तवातील पिता-पुत्री रजतपटावर एकत्र, ही कल्पना रसिकांस भावेल’. इतकी नागवी गोष्ट इतक्या सोवळ्या मराठीत लिहायला पैसे देऊन माणूस ठेवलास, हे बरं केलंस. चार वर्षांत पोरीची आठवण झाली ती एका रिकाम्या भूमिकेमुळं! सर्कशीतला वाघ मेला की दुसरा शोधतात, त्याला निदान आठवण म्हणत नाहीत.

तुझा हक्क आहे. कायदा तुझ्या बाजूनं, गाव तुझ्या बाजूनं. गणपतराव तर म्हणाले, “बाई, पोरीचं नशीब उघडलं. तुमी आडवं येऊ नका.”

मी आडवी आले नाही. पत्र तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

तिला काय झालं हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. तिनं कोपऱ्यातली लीलाची पत्र्याची ट्रंक पुढं ओढली. झाकणाच्या आत तिनं कधीतरी गुपचूप तुझं चित्र चिकटवलेलं आहे, मासिकातून कापलेलं, डोळे दिल्यानंतरचं, पट्टी बांधलेलं. ते मला आजवर ठाऊक नव्हतं. तिनं ट्रंकेत परकर-पोलकी भरली, पाटी ठेवली, केरबाची मुलाखत ठेवली. मग ट्रंकेवर बसली.

“जायचंय तुला?” मी विचारलं.

“आधी मी त्यांना विचारीन. मग सांगीन.”

तिचं जे ठरेल ते मला चालेल. मी एकटी राहायला सरावलेली आहे. हे वाक्य खोटं आहे, पण लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही.

एक विनंती. आयुष्यात पहिली आणि शेवटची. ती विचारील तेव्हा तिच्याकडं बघ.

कालिंदी

\*

कोल्हापूर,
२० डिसेंबर १९५४

अंबादास,

सत्काराला तू होतास, तरी तुला हकीकत लिहिते आहे. कारण तू सारा वेळ लोकांकडं तोंड करून होतास. तुझ्या पाठीमागं आणि हाताखाली काय चाललं होतं, ते मी पहिल्या रांगेच्या कडेला बसून बघत होते.

फेटा तुला शोभला. खोटं कशाला बोलू?

शामूनं पहिला प्रश्न विचारला. ‘देदीप्यमान’ तिनं गाळलं. तू करवीरनिवासिनीची कृपा दोनदा सांगितलीस. दुसऱ्या प्रश्नाला तू उत्तराचा कागद सोडून स्वतःचं बोललास. “वात्सल्य कुठून आणू? डोळे मिटतो आणि या माझ्या चिमणीचा चेहरा समोर आणतो.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलास. बायका रडल्या. गणपतरावांनी उपरणं डोळ्यांना लावलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “असा बाप मिळायला भाग्य लागतं.” तू हात ठेवलास तेव्हा शामूनं मान वर करून तुझ्याकडं पाहिलं होतं. तू फोटोवाल्याकडं बघत होतास.

तिसरा झाला. संदेश दिलास. टाळ्या. गणपतराव हार घेऊन उठले, तर ही पोरगी जागची हलेना. समितीचा कागद तिनं घडी करून पोलक्यात खोचला आणि म्हणाली, “आणखी एक आहे.”

“इचार की, इचार!” गणपतराव लोकांना म्हणाले. “आता लेकीचा लाडाचा प्रश्न!”

“मी कितवीत आहे?”

आधी लोक हसले. तूही हसलास, तुझं ते छातीतून येणारं हसू. ती हसली नाही. ती गप्प उभी राहिली, वही छातीशी धरून, केरबापुढं उभी राहिली होती तशी. हसणं ओसरलं. तू तुझ्या हातातल्या समितीच्या प्रतीकडं पाहिलंस, त्यावर हे उत्तर नव्हतं. कडेला शालूबाई चार बोटं वर करून घामाघूम झाल्या होत्या. पण तू लोकांकडं बघत होतास.

मी मनात म्हणत होते, ‘ठाऊक नाही’ म्हण. ‘बाळ, चुकलं माझं, तूच सांग’ म्हण. अरे, एवढं म्हणाला असतास तर ती ट्रंक घेऊन तुझ्या मागोमाग आली असती, आणि मीच ती उचलून गाडीत ठेवली असती.

पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात तू म्हणालास, “दुसरीत!”

गणपतरावांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

तिनं वहीत लिहिलं. “आभारी आहे,” म्हणाली आणि खाली आली.

मग तू गणपतरावांकडं जेवायला गेलास आणि तिला आणायला भाड्याची गाडी पाठवलीस. ट्रंक दारात होती. शामू उंबऱ्यावर उभी होती. ड्रायव्हर इकडचाच कुणी, साधा माणूस. ट्रंकेला हात घालता घालता आपण कुठल्याही पोराला सहज विचारतो तसं त्यानं विचारलं, “कितवीला हाईस गं, बाळ?”

“चौथीत,” शामू म्हणाली. मग म्हणाली, “ट्रंक ठेवा खाली, काका. मी येत नाही.”

“आन् सायबांस्नी काय सांगू?”

“त्यांनी विचारलं तर सांगा.”

तू विचारलं नाहीस, असं ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला. “रिकामी गाडी बघून हां म्हणलं आन् निघालं.” तुला कायद्यानं तिला न्यायचं असेल तर ये. या वेळी मी आडवी येईन. गाव माझ्याविरुद्ध उभं राहील, ते मला नवीन नाही.

दुसऱ्या सकाळी वेणी घालताना मी तिला विचारलं, “वाईट वाटलं का गं?”

“आत्या, हा हो-नाहीचा प्रश्न आहे.”

“मग कसा विचारू?”

“विचारू नकोस.”

मी वेणी घातली. ती रडत होती हे मला पाठीवरून कळत होतं. मी गप्प राहिले.

शेवटचं. शालूबाईंनी हस्तलिखितात ते उत्तर बदलायला काढलं होतं. गणपतरावांचा निरोप होता, “सायबांची अब्रू हाय. ‘चौथीत’ करा.” शालूबाई म्हणाल्या, “बाळ, थोरांच्या तोंडची चूक लहानांनी सावरायची असते.” शामू म्हणाली, “पण बाई, ते दुसरीत म्हणाले.” बाईंनी रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं, पान फाडायची धमकी दिली. हिचं आपलं एकच, “ते दुसरीत म्हणाले.” अखेर बाईच थकल्या. किंवा त्यांनाही दोन लेकी आहेत, त्याचं काही असेल.

अंक वाचनालयात ठेवला आहे. तू आता इतक्यात यायचा नाहीस, म्हणून शेवट उतरवून पाठवते. एकही अक्षर माझं नाही.

कालिंदी

*प्रश्न : मी कितवीत आहे?*
*उत्तर : दुसरीत. (टाळ्या.)*

*मुलाखत घेणार : कु. श्यामला अंबादास, इयत्ता चौथी.*